मालगाडी गेली, बैठी गाडी आली

आमच्या पेढीचा ट्रक विकला गेला आणि त्याची किंमत नव्या मध्यम आकाराच्या सेडानमध्ये वळती झाली, हे कळताच बाजारातील अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. व्यापाऱ्याने मालवाहू वाहन देऊन बैठी गाडी घ्यावी, हा व्यवहार उलटा वाटणे स्वाभाविक आहे. वडिलांचे मत तर स्पष्टच होते : ट्रक कमावतो, मोटार खाते.

तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार. 2009 साली वडिलांनी घेतलेला टाटा 407 शेडवरून माल उचलून शीतगृहात पोहोचवी. पण हे काम मुख्यतः फेब्रुवारी ते मे. उरलेले महिने तो गोदामासमोर उभा. विमा आणि दरवर्षीचे पासिंग मात्र चुकत नसे. लांबचा माल पूर्वीपासून हुंडेकऱ्यामार्फतच जातो. तीन वर्षांच्या फेऱ्या मी वहीतून काढल्या, त्यांस भाड्याच्या वाहनाचा दर लावला आणि कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून बेरीज पुन्हा केली. ती जुळली. तरी ते “बघू” एवढेच म्हणाले.

निर्णय अखेर वहीने नव्हे, त्यांच्या डायलिसिसने केला. आठवड्यातून तीनदा मिरजेस जाणे आले. हल्ली सर्वांना उंच गाड्यांचा सोस आहे. पण उंच पायरी त्यांना चढवत नाही. सेडानची बैठक खाली, आधी टेकावे आणि मग पाय आत घ्यावेत. घडीची चाकांची खुर्ची डिकीत मावते का, हे मी खुर्चीच शोरूममध्ये नेऊन पाहिले. विक्रेता हसला; हसो बापडा.

करांचा हिशेब मात्र वडिलांच्याच बाजूचा निघाला. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरहून लांब मोटारीवर 40 टक्के जीएसटी आहे आणि आपल्यासारख्या व्यापाऱ्यास त्याची वजावट मिळत नाही. मालवाहू ट्रकवर 18 टक्के, तीही वजावटीस पात्र. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याने घसारा घेतलेला जुना ट्रक विकला, तर विक्रीकिंमत आणि घसारा जाता उरलेली किंमत यांतील फरकावर 18 टक्के भरावे लागतात. आमच्या ट्रकची पुस्तकी किंमत नाममात्रच उरली होती.

एका गोष्टीत मी घाई होऊ दिली नाही. ट्रक दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तरी नोंदणीवर नाव आपले असेल तर अपघाताचे दायित्व आपल्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून नमुना 29 व 30 वर सह्या करून थांबलो नाही, नाव बदललेले पाहूनच फाईल बंद केली.

वडिलांनी एकच अट घातली. गाडी औषधपाण्यासाठी आहे, तेव्हा ट्रकची वळती रक्कम पेढीस जमा करून त्यांच्या खाती नावे टाकावी. मुनीमजींनी तसे केले.

राहिले चालकमामा. सोळा वर्षे त्यांनी हा ट्रक चालविला. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे रात्रीच्या फेऱ्या करणे त्यांना जमले नसते. पगार तोच ठेवून त्यांना मोटारीवर घेतले. पहिले काही दिवस ते जरा अवघडल्यासारखे बसत. “मागे वजनच लागत नाही, शेठ,” असे एकदा म्हणाले. आता मिरजेच्या वाटेवर खड्डा दिसला की वेग कमी करतात, आणि वडील मागून विचारतात, “मामा, ट्रक असता तर असा जपला असता का?”