मागची शिल्लक

मागच्या दिवाळीत चाळीसगावहून मुलांना घेऊन घाटापलीकडच्या पितळखोरा लेण्यांना गेलो. इ.स.पूर्व २ऱ्या शतकातली ही बौद्ध लेणी. दर्शनी भाग बराचसा ढासळलेला. कड्याकडे बोट दाखवत लेक म्हणाली, “बाबा, वरची भेग कोण पाहणार?”

आता ड्रोन आहे. परांची न बांधता, दोरीला माणूस न लटकवता तो कड्याचे शेकडो फोटो काढतो. ते जोडून संगणकावर अख्खं लेणं उभं करता येतं. पण मी पडलो कारकून. मागची शिल्लक पुढे ओढली नाही, तर वही कशाची? दरवर्षी तीच जागा टिपली, तरच भेग रुंदावली का ते कळेल. पुरातत्त्व खात्याकडे आपण हीच मागणी करू या. भिंतीवर नावं कोरणारा हात मात्र आपणच धरायचा.