वेताळ, आत्या आणि पाच पैशांची वही

१/
मिरजेतील एका जुन्या घराच्या माळ्यावरून गेल्या दिवाळीच्या तोंडावर पत्र्याची एक ट्रंक खाली उतरली. तीत सुतळीने बांधलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक होते आणि त्यांच्या तळाशी एक शाळकरी वही. घराला रंग काढायचा असल्याने ट्रंक रद्दीत द्यावी, असे घरात ठरले होते. देण्यापूर्वी एकदा चाळू, म्हणून सुतळी सोडली गेली आणि पुढचे तीन दिवस रंगारी नुसता चहा पिऊन परत गेला.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. बेनेट, कोलमन आणि कंपनी, म्हणजे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे प्रकाशक, यांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले. आरंभी मासिक, पुढे पाक्षिक आणि अखेरीस साप्ताहिक झालेली ही मालिका १९९० मध्ये थांबली, तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या पुढे गेली होती. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी असे परदेशी नायक तीत येत. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. पण घरोघरी राज्य होते ते पहिल्या अंकापासूनच्या नायकाचे: वेताळाचे.

३/
हा वेताळ म्हणजे ली फॉक यांचा ‘फँटम’. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतील चित्रपट्टीत तो प्रथम अवतरला. अंगाला चिकटलेला पोशाख, मुखवटा, बुबुळे नसलेले डोळे. सुपरमॅन आला तो १९३८ मध्ये; त्या अर्थी हा साऱ्या महानायकांचा थोरला भाऊ. त्याच्याकडे दैवी शक्ती एकही नाही. आहे ती केवळ ख्याती. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि जंगलाला वाटते, हा चारशे वर्षे मेलेलाच नाही.

४/
मराठीत त्याला ‘वेताळ’ हे नाव मिळाले आणि पात्राची सारी मुळेच बदलली. मराठी मुलाला वेताळ परका नव्हता. तो गावाच्या शिवेवर शेंदूर लावून बसलेला होता, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी होती, गोव्यात तर तो ग्रामदैवत म्हणून पूजला जात होता. भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. ‘वेताळ पंचविशी’ घराघरांत ठाऊक होती. न्यूयॉर्कच्या सिंडिकेटकडून आलेला हा पाहुणा एका शब्दाने शिवेच्या आत आला.

५/
त्या शब्दाचा त्रासही होता. घरातील आजी तिन्हीसांजेला मुलांना बजावत असे, “दिवेलागणीला वेताळाचं नाव काढू नका.” मुले निमूटपणे अंक मिटत आणि मँड्रेक उघडत. जादूगाराबद्दल आजीची काही तक्रार नव्हती.

६/
आता ट्रंकेभोवतीची मंडळी. बहात्तर वर्षांचे काका वाचक, कारण अंक त्यांचे. समोर त्यांचे बालमित्र, निवृत्त न्यायाधीश. पुतणी आणि तिची मैत्रीण, दोघी विशीतल्या, चटईवर पालथ्या. चार वर्षांनी धाकटी आत्या पाटावर बसून करंज्यांना मुरड घालत होती. काका आवाज बदलून संवाद वाचत. वेताळासाठी त्यांनी राखलेला आवाज त्यांच्या शाळेतील मुख्याध्यापकांचा होता, असे न्यायाधीशांनी भर सभेत उघड केले.

७/
पहिली हरकत मैत्रिणीने घेतली. मालिकेतील वंशकथा अशी: १५३६ मध्ये चाच्यांनी एका इंग्रज कप्तानाचे जहाज बुडवले, किनाऱ्याला लागलेल्या त्याच्या मुलाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तो पहिला वेताळ झाला. “पण १५३६ मध्ये आपल्या समुद्रात इंग्रज कुठून आले?” तिने विचारले. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच १६०० ची. भारतात येऊन राहिलेल्या अगदी पहिल्या इंग्रजांत गणले जाणारे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात पोहोचले १५७९ मध्ये, आणि त्यांनी कवटीवर शपथ घेण्याऐवजी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले.
“म्हणजे वेताळ त्रेचाळीस वर्षं आधीच आला,” काका म्हणाले. “त्याची गाडी लवकर सुटली असेल.”

८/
दुसरा हिशेब आत्याचा. १५३६ ते १९३६ ही चारशे वर्षे. आजचा वेताळ एकविसावा. म्हणजे वीस पिढ्या संपल्या. दर पिढीला वीसच वर्षे. “सिंहासनावर बसायचं, लग्न करायचं, मुलाला वाढवायचं आणि मरायचं, हे सगळं वीस वर्षांत? बायकोनं या स्थळाला होकार दिलाच कसा?” वंशावळींचा अभ्यास करणाऱ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा. सरासरी राज्यकाल काढला की पुष्कळ पराक्रमी घराण्यांची कहाणी वेगळी दिसू लागते.

९/
होकाराचे उत्तर मालिकेतच आहे. डायना पामर १९३६ च्या पहिल्याच कथेत आहे आणि त्यांचे लग्न लागले १९७७ मध्ये. एक्केचाळीस वर्षे! “माझ्या कोर्टातसुद्धा इतकी तारीख पडली नाही,” न्यायाधीशांनी नोंदवले.

१०/
हसणे थांबले ते तिसऱ्या दिवशी. एका चित्रात कवटीच्या गुहेत वेताळ सिंहासनावर बसलेला, भोवती बुटक्या टोळीवाल्यांचा घोळका. मूळ मालिकेत या टोळीचे नाव ‘बांदार’. मैत्रीण म्हणाली, “बंदर? माणसांना माकडं म्हटलंय?” मराठीत बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा, असा बचाव न्यायाधीशांनी करून पाहिला, सभेने तो फेटाळला. फॉक यांच्यावर किपलिंगच्या ‘जंगल बुक’चा प्रभाव होता आणि त्यातील ‘बंदरलोग’ कोण, हे साऱ्यांना ठाऊक होते. गोऱ्याने राज्य करावे, काळ्याने पहारा द्यावा. एकदा दिसल्यावर ते प्रत्येक पानावर दिसू लागले.

११/
काकांनी अंक मिटला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही सहा-सात वर्षं साहेबाची पूजा करत होतो का? पण आम्हाला तो गोरा वाटलाच नाही कधी. तो वेताळ होता.”

१२/
हे वाक्य भाबडे वाटते, पण ते टाकून देता येत नाही. भारतीय आवृत्तीनेच मूळ कथेत हात घातला होता. ‘बंगाल’ची आठवण देणारे देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले, बापाचा मारेकरी ‘रामा’ याचा ‘रामालू’ झाला. कारणे उघड आहेत: आपलीच नावे खलनायकांच्या कपाळी कोण सोसेल? अन्यत्रही असेच घडले. इटलीत त्याचा पोशाख लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. पापुआ न्यू गिनीच्या वाघी खोऱ्यात तर टोळ्यांनी लढाईच्या ढालींवर त्याचे चित्र रंगवले. ज्यांना या कथांनी पार्श्वभूमीला उभे केले असते, त्यांनीच नायक उचलून आपल्या हाती धरला.

१३/
म्हणून मूळ कथा निर्दोष ठरत नाही. त्या लिहिणाऱ्यांनाही काळाने हलवले. मँड्रेकचा साथी लोथार १९३४ मध्ये कातडे नेसून, मोडके बोलत आला होता. साठच्या दशकात त्याचे कपडे आणि भाषा दोन्ही बदलली. वेताळाच्या देशात पुढे डॉ. लुआगा हे कृष्णवर्णीय, निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आले. पण सिंहासन आणि पहारा राहिलाच. मिरजेच्या मुलाने वाचलेला वेताळ खरा आणि मैत्रिणीला दिसलेला साहेबही खरा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील एक निवडून दुसरा खोडता येत नाही.

१४/
वातावरण निवळावे म्हणून पुतणीने ती शाळकरी वही उघडली. पहिल्या पानावर काकांचे बालपणीचे अक्षर: ‘इंद्रजाल वाचनालय. एका दिवसास ५ पैसे. पान फाडल्यास १० पैसे.’ पुढे रकाने: अंक, नाव, नेला, परत. मिरज जंक्शनच्या स्टॉलवरून आणलेला प्रत्येक अंक या वहीतून गल्लीभर फिरला होता. एका नावासमोर १९६९ पासून ‘परत’चा रकाना कोरा होता. सर्वांच्या नजरा न्यायाधीशांकडे वळल्या.
“मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांत दावा लावायला हवा होता,” ते शांतपणे म्हणाले.

१५/
वही मात्र थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. अंक अनेक संग्राहकांकडे मिळतात. ते कोणी वाचले, हे कोठेच मिळत नाही. येथे ते होते. मे महिन्यात नोंदींची गर्दी, जूनमध्ये शाळा उघडताच शुकशुकाट. शिंप्याचा मुलगा, स्टेशनवरील हमालाचा मुलगा, वैद्यांची दोन मुले एकाच पानावर. एका नावापुढे पैशांऐवजी ‘दोन बोरे’. वाचनाचा इतिहास लिहायचा तर साधने अशीच असतात, आणि ती बहुधा रद्दीतच जातात.

१६/
पुतणी पाने उलटत राहिली. मग तिने विचारले, “आत्या, तुझं नाव कुठेच कसं नाही?”
आत्याने करंजी ताटात ठेवली. “मुलींनी मारामाऱ्या वाचायच्या नाहीत, असं घरात होतं. दादा दुपारी झोपला की मी अंक काढायची आणि तो उठायच्या आत होता तसा ठेवायची. सगळे वाचलेत. यांच्या आधी.”
काका चकित झाले. पन्नासहून अधिक वर्षे ते स्वतःला गल्लीतील पहिला वाचक समजत आले होते.

१७/
मैत्रिणीला यावर मालिकेतीलच एक गोष्ट आठवली. सतरावा वेताळ जखमी होतो, तेव्हा त्याची बहीण ज्युली तो पोशाख चढवते आणि जंगल राखते. ही कथा १९५२ ची. पण वंशावळीत तिला क्रमांक नाही. सतराव्यानंतर अठरावा येतो, मोजणी पुढे जाते. तिच्या पराक्रमाची गोष्ट उरली, गणतीत मात्र ती नाही. आत्याच्या वाट्याला गोष्टसुद्धा आली नव्हती; कोणी विचारलेच नव्हते.

१८/
काका उठले, पेन घेऊन आले आणि वहीच्या पहिल्या ओळीच्या वर तिचे नाव लिहू लागले. आत्याने त्यांचा हात धरला. “त्यात नको लिहूस, दादा. वही तेव्हाची आहे. आज त्यात भर घातलीस तर ती खोटी होईल. वेगळ्या कागदावर लिही आणि खाली आजची तारीख घाल.”

१९/
तसे केले गेले. कागदावर काकांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ आहे: हे सर्व अंक माझ्या बहिणीने माझ्या आधी वाचले, मला ते आज कळले. खाली तारीख आणि साक्षीदार म्हणून निवृत्त न्यायाधीशांची सही. कागद घडी न घालता वहीत ठेवला आहे आणि वही ट्रंकेत. ट्रंक रद्दीत गेली नाही. रंगाऱ्याने खोली रंगवली. ट्रंक तेवढी मधोमध राहिली. १९६९ चा तो अंक मात्र अद्याप परत आलेला नाही.