एकाची पहाट, दुसऱ्याची रात्र

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम वाटले. परंतु त्या आठवणी आमच्यापेक्षा सरस लिहिणारे अनेक आहेत. आम्ही लिहीत आहोत ते आमच्या आजच्या रस्त्याविषयी. शाळा सोडल्यावर पोटापाण्यासाठी पुण्यात आलेले आम्ही काही वर्गमित्र गुलटेकडी, महर्षिनगर, बिबवेवाडी या परिसरात स्थिरावलो. वसतिगृहात पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारण्याची जी सवय लागली, ती आमच्यापैकी काहींनी टिकवली. काहींच्या हाती टेम्पोचे स्टिअरिंग आले. त्यामुळे या लेखात ‘आम्ही’ म्हणताना धावणारेही आम्हीच आहोत आणि गाडी चालवणारेही आम्हीच.

मार्केट यार्डाचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. भाजीपाला, फळे, कांदा-बटाटा, फुले घेऊन गावोगावचे ट्रक येतात. हमाल माल उतरवतात, तोलणार वजन करतात, आडत्यांच्या गाळ्यांपुढे बोली लागते आणि उजाडण्यापूर्वी तोच माल लहान टेम्पोंत भरून शहरभर जाऊ लागतो. याच वेळी आजूबाजूच्या वसाहतींतून बूट चढवून माणसे धावायला निघतात. धावणारा झोप पूर्ण करून आलेला असतो. त्याचा दिवस उगवत असतो. चालकाने रात्र जागून काढलेली असते. त्याला गाडी रिकामी करून परतीची वाट धरायची असते. एकाची पहाट आणि दुसऱ्याची रात्र एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. दोघेही वाईट नसतात, दोघांनाही घाई असते.

दोन हिवाळ्यांपूर्वी शाळेत आमच्या मागच्या तुकडीत असलेल्या एका मित्राला मागे येणाऱ्या टेम्पोचा धक्का बसला. नडगीचे हाड मोडले. टेम्पोचालक पळून गेला नाही. त्यानेच रिक्षा थांबवली, दवाखान्यात तोच सोबत आला आणि आम्ही पोहोचेपर्यंत बाकावर बसून राहिला. “दादा, मला दिसलंच नाही,” एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. आत खाटेवर आमचा मित्र म्हणत होता, “मला वाटलं, त्याला दिसतंय.” दोघेही खरे बोलत होते. आज तो मित्र नीट चालतो, पण धावत नाही.

त्या दोन वाक्यांवर आम्ही पुढे बराच विचार केला. अंधारात दिवे लावलेली गाडी पायी माणसाला लांबून दिसते. म्हणून आपणही तिला तितकेच स्पष्ट दिसत असू असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात गडद कपड्यांतला माणूस चालकाला अगदी जवळ आल्यावर दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच ती तेवढी पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. मोठ्या ट्रकच्या केबिनच्या अगदी पुढचा, डाव्या बाजूचा आणि थेट मागचा भाग चालकाला आसनावरून नीट दिसत नाही. ही गाडीची रचना आहे, चालकाचा स्वभाव नव्हे.

म्हणून धावणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. पदपथ असेल आणि मोकळा असेल तर त्यावरूनच जावे. नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक धावावे. मात्र आपल्या शहरात दुचाकी उलट्या दिशेनेही येतात, म्हणून मागेही कान असावा. त्यासाठी कानांत इअरफोन नकोत. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी निघायचे तर फिकट कपडे आणि चमकणारी पट्टी हवीच. मागे येणाऱ्या वाहनाच्या पाठीमागून कधीही जाऊ नये. दोन मिनिटे जागच्या जागी पाय हलवत थांबल्याने व्यायाम बुडत नाही.

आणि आम्ही चालकांनीही पाळावे. क्लिनर खाली उतरल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये. डावीकडे वळण्यापूर्वी डावा आरसा पाहावा. झेब्रा क्रॉसिंगपाशी पुढची गाडी थांबली असेल, तर ती का थांबली हे कळल्याशिवाय तिला ओलांडू नये. पदपथाला चिकटवून गाडी उभी केली की पायी माणूस रस्त्याच्या मध्यावर ढकलला जातो, हे लक्षात ठेवावे. डोळा लागतो आहे असे वाटताच गाडी बाजूला घ्यावी. ज्याच्या हाती वजन अधिक, त्याच्यावर जबाबदारीही अधिक, हा न्याय आम्हाला मान्य आहे.

हा प्रश्न हौशी धावपटूंपुरता नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. १९ मार्च २०२३ रोजी मुंबईत वरळी सी-फेसवर सकाळी धावणारी एक महिला मोटारीच्या धडकेने गेली. वयाची शंभरी गाठून टोरांटोची मॅरेथॉन पुरी करणारे फौजा सिंग १४ जुलै २०२५ रोजी, ११४ व्या वर्षी, जालंधरजवळच्या आपल्या गावी रस्त्यावर वाहनाच्या धडकेनेच गेले. आणि आमच्या यार्डात तर हातगाडी ओढणारा हमाल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, शाळेला निघालेले त्यांचे मूल हे सारे पायीच असतात. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित करून त्यांच्या कष्टाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या कष्टकऱ्याला रस्त्याची कडही सुरक्षित मिळू नये, हे शोभणारे नाही. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. बाबासाहेबांच्या संविधानाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी हा हक्क मागावा, आणि गाडीत बसलो असताना तो द्यावाही.

शाळेत रोज पंचशील म्हणताना पाचव्या शीलात ‘पमाद’ हा शब्द येत असे. मराठीत प्रमाद म्हणजे चूक. पालीत त्याचा अर्थ बेसावधपणा. हा फरक रस्त्यावर फार मोलाचा आहे. चूक घडून गेल्यावर कळते, बेसावधपणा आधीच टाळता येतो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असताना गाडी चालवणे गुन्हा ठरवले आहे. पण बेसावधपणाला मद्यच लागते असे नाही. मोबाइल, झोप, घाई आणि राग हेही तेच काम करतात.

आता पहाटे यार्डाच्या बाजूने जाताना आम्ही ओळखीच्या टेम्पोवाल्यांना हात वर करतो. तेही दिवा खाली करून उत्तर देतात. हात वर झाला की दिसल्याची खात्री होते. एवढ्याशा शिष्टाचाराला खर्च येत नाही.

माजी विद्यार्थी आणि पालकांना एकच विनंती. आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर आजही पहाटे वसतिगृहाची मुले धावतात. कार्यक्रमासाठी लांबून निघून भल्या सकाळी पोहोचाल, तेव्हा शाळेची पाटी दिसण्यापूर्वीच वेग कमी करा. आणि परत जाताना तुमच्या गाडीतली एखादी चमकणारी पट्टी वसतिगृहाच्या दारात ठेवून जा. कुणा मुलाच्या पाठीवर ती उपयोगी पडेल.