देवळालीला आलेली परदेशी धूळ

देवळाली म्हटले, की दहातल्या नऊ जणांना नाशिकजवळची तोफखान्याची छावणी आठवते. माझे आजोळ ती देवळाली नव्हे. ही देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यातली. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जाणाऱ्या भाविकांनी ‘राहुरी फॅक्टरी’ हा थांबा पाहिलेला असतो. तिथे उतरून आत वळले, की थोड्या वेळात गाव लागते. तिथे पाहण्यासारखे काय, असे कुणी विचारले तर मात्र पंचाईत होते. ऊस आहे, कांदा आहे, पाट आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि या बाजूचे नशीब पाटाच्या पाण्याने पालटले, एवढे सांगून गावकरी थांबतात.

पण संध्याकाळी माळवदावर चढावे आणि मावळतीकडे तोंड करून बसावे. सह्याद्रीतून निघालेली बाळेश्वराची डोंगररांग प्रवरा आणि मुळा या दोघी बहिणींना वेगळे ठेवीत पूर्वेकडे येते आणि राहुरीच्या सपाटीत हळूहळू विरून जाते. तिचे ते शेवटचे डोंगर! त्यांवर ना झाडी ना धबधबे. उघडा काळा पाषाण, पायऱ्यापायऱ्यांचा. तरीही चैत्रात खाली उसाचा हिरवा पट्टा, अंगणात कडुनिंबाचा मोहर आणि पलीकडे हे निळसर डोंगर असे दृश्य मला महाबळेश्वरच्या कुठल्याही ‘पॉइंटा’हून अधिक आवडते. आजोळचे प्रेम आंधळे असते म्हणा!

आंधळे म्हटल्यावर मामांची आठवण झाली. २०१५ च्या एप्रिलात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नगरला काढला. नगरचे तेव्हा अजून अहिल्यानगर झाले नव्हते. ४ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशी, आम्ही त्यांना घरी आणले. त्या दिवशी चंद्र ग्रस्तोदित होता, म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवला. मामींनी त्यांना बाहेर बघूसुद्धा दिले नाही. “उद्या बघा काय बघायचं ते,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामा काळा चष्मा लावून, जिन्याचा कठडा धरीत वर गेले. पाठोपाठ मीही गेलो. दोन वर्षांपासून त्यांना डोंगर नुसते डागासारखे दिसत होते. ते नीट पाहायचे, एवढ्यासाठी हा माणूस शस्त्रक्रियेला तयार झाला होता. त्यांनी चष्मा काढला. एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा झाकून पाहिले.

“काई दिसंना रे,” ते म्हणाले.

मी पाहिले, तर खरोखरच डोंगर नव्हते! धुके म्हणावे तर ऊन लागत होते आणि हवेत गारवा नव्हता. पाटापलीकडचा ऊस दिसे, पुढे सगळे पांढुरके. सूर्य जुन्या रुपयासारखा फिका, त्याच्याकडे खुशाल टक लावून बघावे. “मामा, मलाही दिसत नाहीत,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की पुढे बोलवेना. भाचा समजूत काढतो आहे, असेच त्यांना वाटले. “दुसरा डोळा आता करायचा नाही,” एवढे बोलून ते खाली उतरले आणि दुपारी जेवलेही नाहीत. मामी कैरीची डाळ झाकीत होत्या. झाकणावर बोट फिरवून त्या म्हणाल्या, “ही आपली माती नव्हं. आपली काळी असती.”

मामींची पारख बरोबर निघाली. २ एप्रिलला अरबस्तानच्या वाळवंटातून धुळीची भिंत उठली होती. रियाध, दोहा, दुबई त्यात बुडाले, विमाने अडली. जाड कण वाटेत समुद्रात पडले. उरले ते केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नसलेले कण. असले कण उंच वाऱ्यावर चार-चार दिवस तरंगू शकतात. दुबई ते मुंबई हे अंतर सुमारे १९०० किलोमीटरांचे. तेवढा अरबी समुद्र ओलांडून ही धूळ मुंबईवर आली आणि सह्याद्रीही तिला अडवू शकला नाही. असे कण उन्हाचा प्रकाश इतस्ततः विखुरतात आणि आपल्या व डोंगराच्या मधोमध एक उजळ पडदा उभा राहतो. जवळचे झाड त्यातूनही दिसते, कारण तिथवर पडदा पातळ असतो. दूरचा डोंगर मात्र आधी जातो.

सोमवारी मी मामांना वर्तमानपत्र वाचून दाखवले. मुंबईच्या लोकांनाही समोरच्या इमारती नीट दिसत नव्हत्या, हे ऐकल्यावर त्यांनी “मुंबईकरांचेपण?” असे विचारले आणि दोन भाकरी खाल्ल्या. बुधवारी वारा फिरला. माळवदावरून हाक आली. मी पोचलो तेव्हा मामा कड्यावरची झाडे मोजत होते. तेवढी तर मलाही दिसत नव्हती! दुसरा डोळा त्यांनी दिवाळीनंतर करून घेतला.

या धुळीला मी पुष्कळ शिव्या दिल्या. पण पुढे एक गोष्ट वाचनात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मांडले आहे, की पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरची ही धूळ ऊन शोषून हवा तापवते, त्यामुळे समुद्रावरून येणारे ओले वारे जोर धरतात आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. अर्थात ही पावसाळ्यातली गोष्ट. चैत्रातली धूळ नुसतीच डोळ्यांत जाते.

पुढे २०२२ च्या जानेवारीत, २३ तारखेच्या रविवारी, पुन्हा तसेच झाले. मुंबईत भरदुपारी पारा २५ अंशांच्या आत राहिला. मामांचा फोन आला. आवाजात काळजी मुळीच नव्हती.

“डोंगर गेले बघ. औंदा कुठली धूळ?”

“कराचीकडची,” मी म्हणालो.

“मग जवळचीच की!” असे म्हणून त्यांनी कांद्याच्या भावाचा विषय काढला.