शनिवारचा बटवडा

मैलूरला घर बांधायला काढलं, त्या वर्षी मी कॉलेजात मॅस्लो शिकवत होतो. त्याने 1943 साली मांडलेली गरजांची उतरंड : आधी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि सर्वांत वर आपलं कसब पुरेपूर लावण्याची ओढ. फळ्यावर त्रिकोण सुबक येतो. साइटवर मात्र माझी रोजची कुरकुर एकच, "या लोकांना कामाची गोडीच नाही."

एका शनिवारी मेस्त्री ओळंबा बाजूला ठेवून नुसते बसलेले. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "सर, दोन आठवडे बटवडा नाही. ठेकेदार रोज 'नाळे कोडतीनि' म्हणतो."

उद्या देतो! आपल्याकडे दारावर 'नाळे बा' लिहून भुताला परतवायची गोष्ट सांगतात. इथे त्याच 'नाळे'वर जिवंत माणसं परतवली जात होती. मी तर पैसे वेळेवर मोजले होते. ठेकेदाराला विचारलं, तर तो हसला. "थोडे अडकवले की माणसं दुसरीकडे पळत नाहीत, सर." माणसं पळत नव्हती हे खरं. कामही पळत नव्हतं.

पण सगळं खापर त्याच्यावर कसं फोडू? स्वयंपाकघराची खिडकी आम्ही नवरा-बायकोने तीनदा हलवली. तिसऱ्यांदा भिंत फोडताना मेस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यानंतर मात्र दर थराला थांबून विचारायचे, "इथंच ना, सर?" कालचं आपलं काम आज आपल्याच हाताने मोडायचं, त्याची मजुरी मी दिली, तरी मन कुठून भरून देणार?

घमेली वाहणाऱ्या बायांची हजेरी पुरुषांपेक्षा कमीच. समान वेतनाचा कायदा 1976 सालचा! त्या उन्हातही पाणी पीत नाहीत, हे बायकोच्या लक्षात आलं. विचारल्यावर एकजण लाजत म्हणाली, "अक्का, कुडिद्र होगबेकल्ला." प्यालं तर जावं लागतं ना! आणि जायचं कुठे? मॅस्लोची पहिली पायरीच माझ्या साइटवर नव्हती. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा आडोसा उभा केला.

बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर उपकर बसला. लाभासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. मेस्त्रींनी वर्षभरात तीन ठेकेदारांकडे काम केलेलं. दाखल्यालाही तिघांचं 'नाळे'च. माझ्याकडच्या दिवसांचा मी लिहून दिला.

मग दर शनिवारी चारला बटवडा माझ्यासमोर होऊ लागला. काम एकदम धावू लागलं असं नाही. मेस्त्री तेवढे न विचारता थर लावू लागले.

गृहप्रवेशाला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात गेले, खिडकीखालून तळवा फिरवला आणि म्हणाले, "जोड दिसतोय सर. रंगाआधी एकदा येऊन जातो."