गाडी कुठपर्यंत जाते?

मांजरसुंब्याला चार वाटा एकत्र येतात. बीडहून घाट चढून वर आले की बालाघाटच्या पठारावर हे गाव लागते. तेथून एक रस्ता दक्षिणेला धाराशिवकडे, एक पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडे जातो. आणि चौथा अर्थातच ज्या घाटाने आपण वर आलो तो. अशा गावात माणसाला रस्त्याची अडचण पडावी हे कुणाला खरे वाटणार नाही. पण मोठे रस्ते कुठे जातात हे सांगायला दगड असतात, पाट्या असतात, चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही असतो. अडचण सुरू होते ती डांबर संपल्यावर. तेथून पुढे एकच प्रश्न उरतो आणि दहा माणसे त्याची दहा उत्तरे देतात. गाडी कुठपर्यंत जाते?

भाऊबीजेला मी दरसाल पुण्याहून अक्काकडे मांजरसुंब्याला जातो. गेल्या खेपेला तिचा धाकटा मुलगाही अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रांतातून आला होता. तिकडे वर्षातले चारपाच महिने बर्फ असते, आणि या चिरंजिवांनी तिथे एक स्नोमोबाईल घेतली आहे. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर स्वार. बर्फावरची फटफटीच म्हणा ना! कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात बोम्बार्दिए नावाच्या हिकमती माणसाने १९५९ साली तिचे हलके, सुटसुटीत रूप बाजारात आणले आणि थंड मुलखातल्या तरुणांना वेड लावले.

"मग काय, रान मोकळे! वाटेल तिकडे उधळत असशील," मी म्हणालो.

"छे हो मामा," तो म्हणाला. "सरकारी जंगलात शिरायच्या आधी नकाशा बघावा लागतो. कोणत्या वाटेवर ही गाडी चालेल, कोणत्या महिन्यांत चालेल, सगळे त्यात असते."

मला नवल वाटले. मोकळ्या वृत्तीच्या त्या देशात बर्फातल्या वाटेलाही नकाशा! पण त्याने सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी होती. तिथले अध्यक्ष निक्सन यांनी १९७२च्या फेब्रुवारीत एक आदेश काढला. सार्वजनिक जमिनीवर रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्या, स्नोमोबाईलसुद्धा, कुठे चालतील आणि कुठे चालणार नाहीत हे सरकारी खात्यांनी ठरवावे, असे त्यात होते. मात्र आदेश तेवढ्यावर थांबला नाही. जिथे परवानगी आहे त्या वाटांवर ठळक खुणा कराव्यात, नकाशे छापून लोकांना द्यावेत, अटी समजावून सांगाव्यात, हेही खात्यांवर बंधनकारक केले. पुढे २००५ साली मोटारींसाठी आणि २०१५ साली बर्फावरच्या गाड्यांसाठी तिथल्या वनखात्याने नियम आणखी पक्के केले. मोटारींचा नकाशा फुकट मिळतो आणि जी वाट त्यात नाही ती बंद समजायची. वाद नाही, हुज्जत नाही.

अक्का चकल्या तळता तळता ऐकत होती. झारा तसाच हातात धरून ती म्हणाली, "आरं, मग आपल्या पाझर तलावाकडं गाडी जाती का, ते सांगतंय का कुणाचा नकाशा?"

आम्ही दोघेही गप्प झालो. कारण त्या तलावाची गोष्ट आम्हां दोघांनाही ठाऊक होती.

ज्या १९७२ साली निक्सनसाहेबांनी तो आदेश काढला, त्याच साली बीड जिल्हा दुष्काळात होरपळत होता. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली आणि चांगल्या खात्यापित्या घरच्या बायकाही डोक्यावर पाटी घेऊन दुष्काळी कामावर उभ्या राहिल्या. अक्का तेव्हा नुकती सासरी आलेली. पाटोद्याच्या बाजूला डोंगराच्या पोटात एक पाझर तलाव बांधायचे काम निघाले होते. त्याच्या भरावासाठी तिने माती वाहिली, तिथे जाणाऱ्या वाटेची खडी फोडली. दुपारी सुकडी मिळायची. ती पदरात बांधून ती घरी सासूसाठी आणायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला. त्याची पहिली अक्षरे अशा बायकांनी हातोडीने दगडावर उमटवली असे मला नेहमी वाटते.

यंदा पाऊस चांगला झाला होता. तलाव काठोकाठ भरल्याचे गुराखी सांगत होते. अक्काला तो एकदा पाहायचा होता. पण तिचे गुडघे आता उंबरठासुद्धा विचार करून ओलांडतात. डांबरी रस्त्यापासून तलावापर्यंत पायी जाणे तिच्या आवाक्यातले नव्हते. गाडी गेली तरच तलाव, नाहीतर नाही.

मग आम्ही चौकशीला लागलो. शेजारचे तात्या म्हणाले, "जाती की गाडी! कोण अडवायलंय?" हॉटेलवाल्याने मान हलवली, "जाऊ नका. मोराचं जंगल हाय, दंड करतील." ट्रॅक्टरवाल्या पोराने तर तोडगाच सांगितला, "रातच्याला जा, कुणी बघत नाही." मुले तिघेही भली. पण आपल्याकडच्या पुष्कळ कायद्यांचे जे होते तेच इथे झाले होते. 'जाऊ नका' आणि 'कोण बघतंय' या दोन वाक्यांच्या मध्ये खरे उत्तर कुठेतरी हरवले होते. पंचाहत्तरीच्या अक्काला मी रातच्याला चोरून, तिनेच बांधलेल्या वाटेने नेणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलाठ्याकडून गाव नकाशा मिळवला. वाचकहो, हा कागद तुम्ही कधी पाहिला नसेल तर जरूर पाहा. भाच्याचे डोळे तो पाहून विस्फारले. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. म्हणजे गाडी कुठपर्यंत जाते याचे उत्तर आपल्या बापजाद्यांनी रेषांत लिहून ठेवले आहे. आपण ते दप्तरात गुंडाळून ठेवले, एवढेच. आमची दुहेरी रेषा डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे गेली आणि जंगलाच्या हद्दीशी येऊन एकेरी झाली. १९७२ सालची खडी त्या जुन्या कागदावर कुठून उमटणार?

हद्दीच्या आत काय चालते ते वनरक्षकाने सांगितले. तिशीतला, सावळा, बोलायला मोकळा मुलगा होता. आमच्या अंगणात बसून सीताफळ खात त्याने जो धडा दिला तो मला शाळेत कुणी दिला नव्हता. राखीव वनात ज्याला परवानगी आहे तेवढेच करायचे. संरक्षित वनात जे मना केले आहे तेवढेच टाळायचे. नावे सारखी वाटतात, पण एकात दार लावलेले असते आणि दुसऱ्यात उघडे. अभयारण्याची गोष्ट आणखी निराळी. नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली झाले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्ता जात असेल, तर त्यावरून जाणाऱ्याला परवाना लागत नाही. हमरस्ता सोडून आत वळलात की मात्र परवाना हवा. अभ्यासासाठी, छायाचित्रांसाठी, पर्यटनासाठी तो देता येतो; देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचा.

"आणि आमची जुनी वाट?" अक्काने विचारले. "ती कुणी बंद केली?"

पोरगा हसला नाही, हे मला आवडले. तो म्हणाला, "मावशी, गाडीसाठी बंद आहे, माणसासाठी विचारावं लागतं. तुम्ही अर्ज करा. मी लिहून देतो."

त्या रात्री मी ते दोन्ही कायदे काढून वाचले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव वनातली वाट बंद करायची सोय आहे, पण तिला एक अट आहे. राज्य सरकारची मंजुरी तर हवीच, शिवाय त्या वाटेऐवजी सोयीची दुसरी वाट असायला हवी किंवा करून द्यायला हवी. आणखी एक कलम वाचून मी चष्मा पुसला. वन राखीव झाल्याच्या अधिसूचनेचे स्थानिक भाषेत भाषांतर करून ते आसपासच्या गावोगावी प्रसिद्ध करावे, असे त्यात आहे. अभयारण्य करतानाही जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगावी प्रादेशिक भाषेत जाहीरनामा लावावा, असे १९७२ चा कायदा म्हणतो. योगायोग असा की, दोन्हींत हे कलम एकविसावेच! म्हणजे लोकांना त्यांच्या भाषेत सांगावे ही बुद्धी आपल्या कायद्याला परदेशातून उसनी घ्यावी लागलेली नाही. ती पहिल्यापासून आहे. उणीव आहे ती जाहीरनामा एकदा लावून झाल्यावरची. भिंतीवरचा कागद एका पावसाळ्यात जातो. जंगल पुढे पन्नास वर्षे राहते आणि गावात नवी माणसे जन्माला येत राहतात. निक्सनसाहेबांच्या आदेशात खुणा आणि नकाशे आहेत ते याचसाठी. एकदा जाहीर करणे निराळे आणि विचारणाऱ्याला केव्हाही सापडणे निराळे.

तुम्ही म्हणाल, मोरांच्या जंगलात गाड्या कशाला न्यायच्या? अगदी खरे. माझेही तेच म्हणणे आहे. पण ज्याला बंदी नेमकी कुठे सुरू होते हे ठाऊक नसते, तो भल्या मनाचा असेल तर उघड्या वाटेनेही जात नाही आणि आडदांड असेल तर बंद वाटेनेही घुसतो. न सांगितलेल्या नियमाचा जाच फक्त सरळ माणसाला होतो. मोराला त्याचा काही उपयोग नाही.

अक्काने अर्ज केला. 'भेटीचे कारण' या रकान्यात काय लिहायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. भाच्याने 'पर्यटन' सुचवले. अक्का म्हणाली, "लिव्ह, तलाव बघायचाय." तेच लिहिले. परवानगी आली. एक जीप, एक सकाळ, हॉर्न नाही, गाणी नाहीत, वनरक्षक सोबत.

आम्ही गेलो. धावडा आणि तरवड यांच्यामधून वाट जात होती. खडी बरीचशी मातीत बसली होती, पण चाकाखाली अधूनमधून करकरत होती. पावसाळा सरल्यावर मोर पिसारा गाळतो, त्यामुळे जे दोनतीन मोर दिसले ते लग्नानंतर मुंडावळ्या सोडलेल्या नवरदेवासारखे साधेच होते. तलाव मात्र भरला होता. अक्का जीपमधून उतरली नाही. दाराच्या कडीला हात धरून बराच वेळ पाहत राहिली. मग भरावाच्या डाव्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं आमची गँग होती. त्यातल्या आता मी आन् सखूच राहिलो." आणि थोड्या वेळाने, "पानी धरलं बाई यानं."

भाच्याने छायाचित्र काढले नाही. परत येताना त्याने वनरक्षकाला विचारले की, वाटांचा साधा मराठी नकाशा वळणावरच पाटीवर लावता येणार नाही का. मुलगा म्हणाला, "मागणी करा ना साहेब, अर्जानंच होतं सगळं." अक्काच्या सहीने तोही अर्ज गेला आहे.

पाटी लागेल तेव्हा लागेल. तोवर मांजरसुंब्यात कुणाला त्या अंगाला गाडी न्यायची असली की तो अक्काच्या ओट्यावर येतो. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेसाठी आलेली परगावची मंडळीसुद्धा एकदोनदा विचारून गेली. अक्का देवघराच्या फडताळातून गाव नकाशा काढते, मांडीवर पसरते आणि बोटाने दाखवते. दुहेरी रेषा हितवर. इथून म्होरं चालत. आणि आत जायचं असंल तर आधी इचारायचं.