पीएचडी झाली, आता वय संपलं

आमच्या तालुक्याच्या गावात चार अभ्यासिका आहेत. एमपीएससीची जाहिरात कधी निघणार, पोलीस भरतीत मैदानीला किती मार्क, हे टपरीवर चहा देणारं पोरगंही सांगतं. पण विज्ञानात पीएचडी केलेल्यानं पुढं काय करायचं, हे सांगणारं माणूस इथं सापडत नाही. 'पोस्टडॉक' म्हटलं की लोक विचारतात, अजून किती शिकणार?

पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नाही. ते ठरावीक मुदतीचं, पगारी संशोधन आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं काम करायचं, शोधनिबंध काढायचे. आयआयटी, आयसरमध्ये प्राध्यापक व्हायचं तर हा टप्पा सहसा टळत नाही.

अडचण आहे वयाची. केंद्राची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची. आधी ती 'सर्ब' देत असे, आता 'एएनआरएफ' देते. वयाची अट ३५. महिला, एससी, एसटी, ओबीसी यांना ५ वर्षांची सवलत.

आता आपल्याकडच्या मुलाचा हिशेब मांडा. एमएस्सी २३व्या वर्षी. नेट-सेटमध्ये दोन-तीन वर्षं. गाईड मिळेपर्यंत आणखी एक. पीएचडीला पाच-सहा. झालं की ३१-३३! त्यात प्रबंध परीक्षकांकडे अडकला, व्हायवाची तारीख लांबली, की उरलेलंही गेलं. तोवर पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवायचं. तेवढ्या तासांचेच पैसे, तेही उशिरा. सुट्टीत काहीच नाही.

माझ्या ओळखीत रसायनशास्त्राचा असा एक डॉक्टर आहे. खुल्या प्रवर्गातला. त्याला या फेलोशिपचं कळलं तेव्हा ३६ उलटलं होतं. हुशारीत तो कमी पडला नाही, कॅलेंडरात पडला.

युरोपातली मेरी क्युरी फेलोशिप वय विचारत नाही. पीएचडी होऊन किती वर्षं झाली ते बघते, मर्यादा ८ वर्षांची. भारतीयांनाही ती खुली आहे. मग आपल्याकडेही जन्मतारखेऐवजी पीएचडीची तारीख का धरू नये? खेड्यातून उशिरा पोचलेल्याला आणि लेकरं सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्या बाईला त्याचा सगळ्यात जास्त फायदा होईल. आणि प्रबंध किती दिवसांत तपासून झाला पाहिजे, याचा जाब विद्यापीठांना विचारायला नको का?

नियम बदलायचे तेव्हा बदलतील. तोवर ओळखीत कुणी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर त्याला एवढं सांगा. पदवी हातात पडायची वाट बघत बसू नको. प्रबंध सादर केलेल्यांनाही या फेलोशिपला अर्ज करता येत आलाय, चालू जाहिरात नीट वाच. ज्यांच्याकडे काम करायचंय त्या शास्त्रज्ञाला आत्ताच ईमेल कर, कारण त्यांच्या संमतीशिवाय अर्ज पुढं जात नाही. दहा जणांना लिही, आठ जण उत्तर देणार नाहीत. उरलेल्या दोघांसाठी लिहायचं.